भार वांटून देणारा द्वारपाल

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असला म्हणजे तालुक्याच्या गांवीं झेरॉक्सच्या दुकानासमोर जें दृश्य दिसतें, तें बहुतेकांच्या परिचयाचें आहे. वाडीवरून पहिल्या एस. टी.नें आलेली आई, कागदपत्रांची पिशवी छातीशीं धरून उभी राहिलेली तिची मुलगी, आणि आंत संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसलेला दुकानदार. पडद्यावर एक लहानसें चक्र नुसतें फिरत असतें. तास दीड तास तें तसेंच फिरतें आणि अखेरीस दुकानदार म्हणतो, "मावशी, सर्व्हर डाऊन आहे, उद्यां या." परंतु उद्यां मुदत संपलेली असते. ज्याच्या घरीं स्वतःचा संगणक आहे, तो मध्यरात्रीं उठून अर्ज भरूं शकतो. जिला परतीची शेवटची गाडी गांठावयाची आहे, तिला तें शक्य नसतें. यंत्रावरील गर्दीचा फटका सर्वांना सारखा बसत नाहीं, तो दूरवरून येणाऱ्यालाच अधिक बसतो.

'सर्व्हर डाऊन आहे' हे तीन शब्द आतां दैवाच्या निर्णयासारखे ऐकून घेण्याची लोकांस संवय झाली आहे. वास्तविक त्यांत दैवाचा भाग फार थोडा असतो. पुष्कळदां यंत्र मोडलेलें नसतें, तें केवळ गर्दीखालीं दबलेलें असतें; आणि क्वचित् तें खरोखरच मोडलें, तरी त्याच्या जागीं दुसरें उभें करण्याची योजना कोणी केलेली नसते. ही योजना कशी करतात आणि ती करतांना कोणत्या गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास ती फसते, हें समजून घेण्यास फार मोठ्या शास्त्राभ्यासाची आवश्यकता नाहीं. या योजनेच्या मध्यभागीं जें साधन असतें त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. लोड म्हणजे भार, व तो समतोलपणें वांटून देणारा तो लोड बॅलन्सर.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय तें पाहूं जातां असें दिसतें कीं, सर्व्हर हा कांहीं निराळ्या जातीचा प्राणी नव्हे. तोहि एक संगणकच असतो; फरक इतकाच कीं, तो कोणा एका माणसाच्या टेबलावर नसून जाळ्यावरून येणाऱ्या असंख्य मागण्यांना उत्तर देण्यासाठीं अहोरात्र जागा असतो. पूर्वीं प्रत्येक संस्था असा संगणक विकत घेऊन आपल्याच कचेरींतील एका थंड खोलींत ठेवीत असे. पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं हजारों संगणकांचीं केंद्रें उभारून त्यांतील शक्ति भाड्यानें देण्यास आरंभ केला. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीनें ही सोय २००६ सालीं लोकांस खुली केली. या पद्धतीस क्लाऊड, म्हणजे ढग, असें नांव पडलें. नांव आभाळाचें असलें तरी हीं यंत्रें जमिनीवरच, पक्क्या इमारतींत, विजेच्या व थंड हवेच्या बंदोबस्तांत ठेवलेलीं असतात. याच कंपनीनें २०१६ सालच्या जून महिन्यांत मुंबईस आणि २०२२ सालच्या नोव्हेंबरांत हैदराबादेस आपलीं केंद्रसमूह-स्थानें चालू केलीं. तेव्हां पुण्याच्या किंवा धाराशिवच्या एखाद्या संस्थेनें भाड्यानें घेतलेलें यंत्र प्रत्यक्षांत मुंबईच्या परिसरांत असणें आतां सहज शक्य आहे.

आतां गर्दीनें यंत्र दबतें म्हणजे नक्की काय होतें? याचें उत्तर संगणकाच्या जन्मापूर्वींच एका टेलिफोन कंपनींत सांपडलें होतें. कोपनहेगन टेलिफोन कंपनींत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञानें १९०९ सालीं टेलिफोनच्या मागण्या व उपलब्ध तारा यांचें गणित संभवशास्त्राच्या साहाय्यानें मांडलें, आणि त्यांतूनच रांगांच्या शास्त्राचा उगम झाला. त्या शास्त्राचा एक साधा निष्कर्ष येथें उपयोगी पडतो. समजा, एक सर्व्हर सेकंदाला सरासरी १० अर्ज हातावेगळे करूं शकतो. म्हणजे एका अर्जास सेकंदाचा दहावा भाग लागतो. अर्ज ठराविक अंतरानें न येतां वेळीं अवेळीं येतात आणि प्रत्येकास कमीअधिक वेळ लागतो, हेंहि गृहीत धरावें. सेकंदाला ५ अर्ज येत असतील, तर प्रत्येक अर्जदाराला रांगेसह सरासरी पंचमांश सेकंद थांबावें लागेल. ८ येऊं लागले कीं हा काळ अर्ध्या सेकंदावर जातो, ९ झाले कीं एका सेकंदावर, आणि ९.९ झाले कीं तो १० सेकंद होतो. पांचावरून नवावर जाणें म्हणजे गर्दी दुपटीहून कमी वाढणें, परंतु थांबण्याचा काळ मात्र पांचपट होतो. आणि दहांच्या वर गेलें म्हणजे रांग कधींच संपत नाहीं. ती केवळ लांबत जाते. 'काल तर व्यवस्थित चाललें होतें, आज एकाएकीं काय झालें?' या प्रश्नाचें मर्म येथें आहे. यंत्र एकाएकीं बिघडलेलें नसतें, तें काठावर येऊन पोंचलेलें असतें.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, अधिक बळकट यंत्र घेणें. हा उपाय सोपा खरा, परंतु त्याला मर्यादा आहे; कारण कितीहि मोठें झालें तरी तें यंत्र एकच, आणि तें बंद पडलें म्हणजे सर्वच बंद. दुसरा उपाय म्हणजे सामान्य शक्तीचीं अनेक यंत्रें एका वेळीं कामास लावणें. मोठ्या लग्नाच्या पंगतींत एकाच वाढप्याच्या हातीं प्रचंड परात देऊन भागत नाहीं. चार वाढपी लागतात, आणि त्यांतील एकाचा पाय मुरगळला तरी पंगत उपाशी उठत नाहीं. परंतु चार वाढपी आले कीं कोणी कोणती रांग घ्यावी हें सांगणारा एक जाणता माणूस स्वयंपाकघराच्या दारांत उभा असावा लागतो. तो नसेल तर एका रांगेंत दोनदां आमटी येते आणि दुसऱ्या रांगेंत भात कोरडाच राहतो. हा दारांतला माणूस म्हणजेच लोड बॅलन्सर.

आरंभीच्या काळीं हें काम जाळ्यावरील नांवांच्या नोंदवहीकडून, म्हणजे डीएनएसकडून, करून घेत. एका नांवापुढें तीन यंत्रांचे तीन पत्ते लिहून ठेवावयाचे व विचारणाऱ्यास ते आलटून पालटून सांगावयाचे, अशी ही युक्ति होती; १९९५ सालच्या एका इंटरनेट-टिपणांत तिची चर्चा आढळते. परंतु या युक्तींत एक मोठी उणीव आहे. नोंदवही पत्ता सांगते, पण त्या पत्त्यावर कोणी जिवंत आहे कीं नाहीं हें पाहत नाहीं. शिवाय एकदां मिळालेला पत्ता विचारणारा संगणक कांहीं काळ स्मरणांत ठेवतो. त्यामुळें तिहींपैकीं एक यंत्र बंद पडलें, तर सुमारें एकतृतीयांश लोक बंद दारावर थापा मारीत राहतात. म्हणून पत्ता सांगणारा नव्हे, तर स्वतः दारांत उभा राहून प्रत्येक मागणी हातीं घेणारा व ती योग्य जागीं पोंचविणारा मध्यस्थ हवा झाला. फ्रान्समधील विली तारो यांनीं लिहिलेला एच-ए-प्रॉक्सी हा अशा कामाचा प्रोग्राम २००१ सालीं बाहेर पडला. रशियन प्रोग्रामर इगोर सिसोयेव यांचा एनजिन-एक्स २००४ सालीं आला. हे दोन्हीं प्रोग्राम कोणालाहि विनामूल्य वापरतां येतात. क्लाऊडच्या कंपन्या हीच सेवा तयार स्वरूपांत भाड्यानें देतात. ॲमेझॉननें ती २००९ सालच्या मे महिन्यांत सुरू केली.

द्वारपाल कोणत्या नियमानें भार वांटतो, हें जाणण्यासारखें आहे. सर्वांत साधा नियम पाळीचा : पहिली मागणी पहिल्या यंत्राकडे, दुसरी दुसऱ्याकडे, तिसरी तिसऱ्याकडे, आणि पुन्हां पहिल्याकडे. यंत्रें सारख्या शक्तीचीं व कामें सारख्या लांबीचीं असतील, तर हा नियम उत्तम. एखादें यंत्र दुप्पट शक्तीचें असेल, तर त्याला वजन देऊन दोन पाळ्या देतां येतात. परंतु कामें कमीअधिक लांबीचीं असलीं म्हणजे पाळीच्या नियमानें घोटाळा होतो. एका यंत्राकडे योगायोगानें सारीं लांबणारीं कामें जातात आणि तरीहि पाळी आली कीं नवें काम त्याच्याच माथीं येतें. अशा वेळीं ज्याच्या हातीं त्या क्षणीं सर्वांत कमी कामें चालू आहेत, त्याच्याकडे पुढचें काम पाठवावें, हा नियम सोयीचा पडतो. ज्या अर्जाबरोबर छायाचित्र व दाखले पाठवावे लागतात, त्यांत कोणाचें काम दोन सेकंदांत होतें, तर खेड्यांतील मंद जोडणीवरून येणाऱ्याचें दोन मिनिटें चालतें. म्हणून तेथें हा दुसराच नियम निवडावा.

आतां यंत्रें किती घ्यावींत? येथें केवळ सरासरीवर विसंबून चालत नाहीं. वरीलच उदाहरण पुढें चालवूं. शेवटच्या दिवशीं ऐन गर्दींत सेकंदाला २४ अर्ज येतील असा अंदाज आहे, आणि एक यंत्र १० उरकतें. तीन यंत्रें घेतलीं, तर प्रत्येकावर ८ चा भार येतो व काम सुरळीत चालतें. परंतु त्यांतील एक बंद पडतांच उरलेल्या दोहोंवर प्रत्येकीं १२ चा भार येतो. हा त्यांच्या शक्तीबाहेरचा आहे. मग दुसरेंहि दबतें, आणि त्याचा भार तिसऱ्यावर कोसळून तेंहि आडवें होतें. एका यंत्राच्या बिघाडानें तिन्हीं गेलीं, असा प्रकार घडतो. चार यंत्रें असतीं, तर एक गेल्यावरहि तिघांवर ८ च राहिले असते. सारांश, लागतील तितक्यांहून एक अधिक, हा हिशेबाचा पहिला नियम.

त्यापुढें आणखी एक पायरी आहे. क्लाऊडच्या एका स्थानीं कित्येक स्वतंत्र आवारें असतात. प्रत्येकाची वीज व यंत्रणा निराळी असते. त्यांना अवेलेबिलिटी झोन म्हणतात, व मुंबईस अशीं तीन आवारें आहेत. सारीं यंत्रें एकाच आवारांत ठेवलीं आणि त्या आवारावरच संकट आलें, तर सावधगिरी व्यर्थ होते. चार यंत्रें तीन आवारांत वांटलीं, तर एका आवारांत दोन येतात. तें आवार गेलें कीं उरतात दोनच, आणि तीं अपुरीं पडतात. पांच घेऊन दोन, दोन व एक अशीं ठेवलीं, तर कोणतेंहि एक आवार गेलें तरी निदान तीन उरतात. याला खर्च अधिक येतो हें खरें. पण भाड्याच्या यंत्रांचा लाभच असा कीं, मुदतीच्या आठवड्यापुरतीं पांच घ्यावींत आणि मग दोन ठेवून बाकीचीं परत करावींत.

प्रत्यक्ष मांडणीस हात घालण्यापूर्वीं एका गोष्टीचा विचार प्रथम केला पाहिजे, आणि बहुतेक योजना येथेंच फसतात. अनेक यंत्रांपैकीं कोणतेंहि एक कोणाचेंहि काम करूं शकेल, अशी स्थिति असली पाहिजे. यासाठीं कोणत्याहि यंत्रानें अर्जदाराची कोणतीहि वस्तु आपल्यापाशींच ठेवतां कामा नये. मुलीचें छायाचित्र पहिल्या यंत्राच्या डिस्कवर राहिलें आणि तिची पुढची मागणी तिसऱ्या यंत्राकडे गेली, तर तिसरें म्हणेल, छायाचित्र दिलेंच नाहीं. अर्धा भरलेला अर्ज एका यंत्राच्या स्मृतींत असला, तर पुढचें पान उघडतांच तो नाहींसा होईल व सारें पुन्हां लिहावें लागेल. म्हणून छायाचित्रें, दाखले, अर्धवट अर्ज, ओळख पटल्याची खूण, हें सर्व सर्वांना समाईक अशा कोठारांत ठेवावें. एकाच अर्जदाराला प्रत्येक वेळीं त्याच यंत्राकडे पाठविण्याची सोयहि द्वारपालाजवळ असते. त्यासाठीं तो अर्जदाराच्या संगणकाजवळ एक कुकी, म्हणजे ओळखचिठ्ठी, देऊन ठेवतो. परंतु ही मलमपट्टी होय. तें यंत्र बंद पडलें कीं चिठ्ठी निरुपयोगी ठरते, व अर्धा अर्ज गेला तो गेलाच.

एवढी पूर्वतयारी झाली म्हणजे मांडणी सरळ आहे. पहिली पायरी, एकसारखे सर्व्हर तयार करणें. एक नीट सजवून त्याची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब साठा, करून ठेवावी व त्यावरून बाकीचे उभे करावे. हातानें एकेक सजवूं गेल्यास कोठेंतरी एक अक्षर चुकतें, आणि मग पांचांतील एकच यंत्र कधींमधीं चुकीचें उत्तर देतें. हा दोष शोधून काढणें फार जिकिरीचें असतें. दुसरी पायरी, या सर्व्हरांचा एक गट करून त्याची नोंद लोड बॅलन्सरकडे करणें. तिसरी पायरी, बॅलन्सरनें कोणत्या दारावर ऐकावें तें सांगणें. जाळ्यावरील साध्या पानांचें दार ८० क्रमांकाचें, व गुप्त लिपींत बोलणाऱ्या सुरक्षित पानांचें ४४३ क्रमांकाचें असतें. सुरक्षिततेचें प्रमाणपत्र बॅलन्सरवर ठेवावें, आणि ८० वर येणाऱ्यास ४४३ कडे वळवावें. प्रमाणपत्राची मुदत केव्हां संपते तें मात्र भिंतीवर लिहून ठेवावें किंवा तें आपोआप नवें होईल अशी तजवीज करावी. कारण तें संपलें तर पांचहि यंत्रें धडधाकट असूनहि दार बंद झाल्यासारखें होतें.

चौथी पायरी, सर्व्हरांचीं स्वतःचीं दारें बाहेरच्या जगास बंद करणें. त्यांनीं केवळ बॅलन्सरकडून आलेली मागणीच स्वीकारावी. पुढच्या दरवाजावर पहारेकरी ठेवून परसदार उघडें टाकण्यांत शहाणपणा नाहीं. येथें एक लहानशी अडचण उद्भवते. सर्व मागण्या आतां बॅलन्सरच्या हातून येत असल्यामुळें सर्व्हरास प्रत्येक अर्ज एकाच पत्त्यावरून आला असें वाटतें. मूळ अर्जदाराचा पत्ता कळावा म्हणून बॅलन्सर मागणीच्या शिरोभागीं एक्स-फॉरवर्डेड-फॉर नांवाची ओळ जोडतो. सर्व्हरांनीं नोंद ठेवतांना हीच ओळ वाचावी. मात्र ती बॅलन्सरकडून आली असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवावा, कारण अशी ओळ कोणीहि लबाड मनुष्य लिहून पाठवूं शकतो.

पांचवी पायरी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे प्रकृतीची तपासणी. कोणतें यंत्र काम करण्याच्या स्थितींत आहे हें बॅलन्सर ठराविक कालानें विचारीत असतो. त्यासाठीं प्रत्येक सर्व्हरावर एक लहानसें पान ठेवतात. त्यानें '२००', म्हणजे सर्व ठीक, असें उत्तर दिलें कीं यंत्र निरोगी समजावयाचें. एच-ए-प्रॉक्सीला निराळें कांहीं सांगितलें नाहीं, तर तपासणी चालू केल्यावर तो दर २ सेकंदांनीं विचारतो, ओळीनें ३ वेळां अपयश आल्यास त्या यंत्राकडे काम पाठविणें थांबवितो, आणि ओळीनें २ वेळां यश आल्यावर पुन्हां सुरू करतो. एकाच अपयशानें यंत्र बाद न करण्यांत शहाणपणा आहे, कारण क्षणभर दम लागणें म्हणजे आजार नव्हे. उलट, तपासणी फार सावकाश ठेवली, तर मेलेल्या यंत्राकडे मिनिटभर अर्ज जात राहतात.

तपासणींत काय विचारावें यावरहि विचार केला पाहिजे. सर्व्हर जागा आहे, परंतु ज्या माहितीकोठारांत अर्ज नोंदवावयाचा त्याशीं त्याचा संबंध तुटला आहे, अशी कल्पना करावी. उथळ तपासणीस तो 'ठीक आहे' असेंच उत्तर देईल. इतकेंच नव्हे, तर कांहीं न करतां लगेच चूक परत पाठवीत असल्यामुळें त्याचे हात सदैव मोकळे दिसतील, आणि कमी कामें असणाऱ्याकडे नवें काम पाठविण्याच्या नियमानें बहुतेक अर्ज त्याच्याचकडे जातील! आळशी नोकर सर्वांत मोकळा दिसतो म्हणून सर्व कामें त्यालाच द्यावींत, तसा हा प्रकार. म्हणून तपासणीच्या पानानें खऱ्या कामाची थोडीशी तरी चांचणी घ्यावी. पण येथेंहि अतिरेक नको. माहितीकोठार स्वतःच क्षणभर मंदावलें, तर पांचहि यंत्रें एकदम आजारी ठरून द्वारपालापाशीं पाठविण्यास एकहि जागा उरत नाहीं, आणि तो सर्वांना '५०३', म्हणजे सेवा उपलब्ध नाहीं, असें सांगत सुटतो. तेव्हां तपासणी यंत्राच्या स्वतःच्या प्रकृतीची असावी, आणि समाईक कोठाराची चौकशी निराळी ठेवून ती माणसांस कळविली जावी.

सहावी पायरी, यंत्र गटांतून काढण्याची रीत. दुरुस्तीसाठीं एखादें यंत्र काढावयाचें झालें, तर तें एकदम बंद करूं नये. नवें काम देणें थांबवावें, आणि हातीं असलेलीं कामें पुरीं होऊं द्यावींत. ॲमेझॉनच्या बॅलन्सरमध्यें यासाठीं निराळी सूचना नसल्यास ३०० सेकंदांपर्यंत वाट पाहण्याची योजना असते. मंद जोडणीवरून दाखला पाठवीत असलेल्या मुलीच्या दृष्टीनें हीं पांच मिनिटें फार मोलाचीं असतात.

याशींच लागून एक सूक्ष्म प्रश्न येतो. बॅलन्सरनें अर्ज एका यंत्राकडे दिला आणि उत्तर येण्यापूर्वींच तें बंद पडलें. आतां तोच अर्ज दुसऱ्या यंत्राकडे द्यावा काय? नुसतें पान वाचावयाचें असेल तर अवश्य द्यावा. परंतु फी भरण्याची किंवा अर्ज दाखल करण्याची क्रिया असेल, तर पहिल्या यंत्रानें मरतां मरतां ती पुरी केलेली असूं शकते, आणि पुन्हां पाठविल्यास फी दोनदां कापली जाते. म्हणून अशा क्रिया आंधळेपणानें पुन्हां पाठवूं नयेत; आणि प्रत्येक अर्जास आरंभींच एक क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नवी नोंद न करतां जुनीच पावती द्यावी, अशी व्यवस्था ठेवावी.

येथवर आल्यावर चौकस वाचक विचारील कीं, सर्व यंत्रांचा भार ज्याच्या हातीं, तो द्वारपालच मूर्च्छित पडला तर? प्रश्न अगदीं रास्त आहे. एक बॅलन्सर ठेवणें म्हणजे संकट मागून पुढें आणून ठेवणें होय. म्हणून स्वतःचा बॅलन्सर उभारणारे लोक एकाऐवजीं दोन ठेवतात. एक काम करतो, दुसरा त्याच्या श्वासोच्छ्वासाकडे लक्ष ठेवतो. पहिला थांबला कीं त्याचा पत्ता दुसरा आपल्याकडे घेतो. भाड्याच्या तयार बॅलन्सरमध्यें ही काळजी कंपनी वाहते; ॲमेझॉनच्या पानांसाठीं असलेल्या बॅलन्सरला म्हणूनच निदान दोन आवारें नेमून द्यावीं लागतात. त्याचे अंकांतील पत्ते मात्र बदलत असतात. म्हणून तो अंक कोठेंहि लिहून न ठेवतां त्याचें नांवच वापरावें.

बॅलन्सरकडून अवास्तव अपेक्षाहि करूं नयेत. पांचहि यंत्रें अखेर एकाच माहितीकोठारांतून पाणी काढीत असतील, आणि विहीरच आटली असेल, तर रहाट वाढवून पाणी वाढत नाहीं. उलट पांच रहाटांनीं विहीर अधिक लवकर तळाला जाते. ज्या पानांत बदल होत नाहीं, म्हणजे नियम, सूचना, तारखा, तीं पानें निराळीं जपून ठेवून कोठारास त्रास न देतां दाखवावींत. आणि कोठाराची शक्ति स्वतंत्रपणें मोजावी.

शेवटची गोष्ट चांचणीची. बॅलन्सर बसविला, फळ्यावर आकृति काढली, आणि सर्व हिरवे दिवे दिसले, म्हणजे काम झालें असें मानण्याची चूक पुष्कळांकडून होते. मुदतीच्या पंधरा दिवस आधीं, एखाद्या शांत दुपारीं, पांचांतील एक यंत्र मुद्दाम बंद करावें, आणि त्याच वेळीं एखाद्या खेड्यांतील साध्या मोबाईलवरून कोणास तरी अर्ज भरावयास बसवावें. त्याचा अर्ज न अडतां पुरा झाला, तर योजना खरी. मग एक संपूर्ण आवार बंद करून पाहावें. नंतर कृत्रिम गर्दी निर्माण करून कोणत्या आंकड्यावर उत्तरें मंदावूं लागतात तें लिहून ठेवावें. शाळेंत आगीची घंटा वाजवून मुलांना मैदानांत नेण्याचा सराव करतात, तो आग नसतांनाच करतात; आग लागल्यावर सराव होत नसतो.

या साऱ्या विवेचनावरून इतकें स्पष्ट होईल कीं, 'सर्व्हर डाऊन आहे' हें वाक्य ज्या दिवशीं उच्चारलें जातें, त्या दिवशीं त्याचें कारण बहुधा घडलेलें नसतें. तें पुष्कळ आधीं, हिशेब न केल्यामुळें, एक यंत्र अधिक न घेतल्यामुळें, किंवा घेतलेल्याची परीक्षा न पाहिल्यामुळें घडून गेलेलें असतें. यंत्रें मोडतात, आवारांतील वीज जाते, तारा तुटतात. हें टाळणें कोणाच्याहि हातीं नाहीं. मात्र एक यंत्र मोडल्याचा पत्ता झेरॉक्सच्या दुकानांत बसलेल्या त्या मुलीस लागूं नये, तिचा अर्ज दुसऱ्या यंत्रानें निमूटपणें घ्यावा, तिला पावती मिळावी, आणि मायलेकींना तीनची गाडी गांठतां यावी, एवढें करणें मनुष्याच्या हातीं खचित आहे. चांगल्या द्वारपालाचें नांव कोणी काढीत नाहीं. परंतु दाराशीं आलेला कोणीहि विन्मुख परत गेला नाहीं, हीच त्याच्या कामाची खूण होय.